बोलणार कोण, विषय काय

आप्पा गेल्याची बातमी मला व्हॉट्सअॅपवर कळली, तीही व्याख्यानांच्या ग्रुपवर. तिथे एरवी पुढच्या व्याख्यानाची सूचना यायची. त्यामुळे आप्पांचा फोटो दिसताच एकाने खालचा मजकूर न वाचताच लिहून टाकलं, ‘नक्की येणार.’ मग घाईघाईने पुसलं. आप्पा असते तर त्यांनी हा किस्सा महिनाभर पुरवला असता...

धुळ्याकडून सुरतेला आलेले आप्पा तिथल्या बमरोली भागात यंत्रमाग चालवत. मध्येच त्यांना अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढायचा नाद लागला. त्यात हात पोळले, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. पडद्यावर दिसणाऱ्याला सगळे ओळखतात, मग बाकीचं सगळं करतं कोण? त्यातून ही व्याख्यानं सुरू झाली. कारखान्याच्या माळ्यावर, माग बंद असतील त्या सुट्टीच्या दिवशी. जवळच्या भेस्तानचा एडिटर आला, पोस्टर रंगवणारे एक म्हातारे पेंटर आले, लग्नांचं शूटिंग करता करता गाण्यांकडे वळलेला कॅमेरावाला आला. श्रोते कापडाच्या ताक्यांवर बसत आणि माग बंद असूनही सवयीने ओरडून बोलत. रेकॉर्डिंग ऐकून ते कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे, कारण मी मराठी शाळेतला मास्तर. मग आप्पा त्याची छोटी पुस्तिका छापत आणि ओळखीच्या चहाच्या टपऱ्यांवर ठेवत.

आपल्या माणसांना स्टेज दिसलं की शाल-श्रीफळ आठवतं. आप्पांना त्याचा भयंकर तिटकारा. सत्कार नाही, प्रास्ताविक नाही, अध्यक्ष तर नाहीच. “बोलणार कोण, विषय काय, एवढं सांगा अन् बसा,” हा त्यांचा हुकूम. एकदा एका पुढाऱ्याने गुपचूप हार आणला, तर आप्पांनी तो जिन्यातच काढून घेतला आणि खालच्या देवळात पाठवून दिला. माणूस प्रेमळ होता असं मी म्हणणार नाही. हट्टी होता, आणि त्या हट्टामुळेच हे सगळं टिकलं.

ते गेल्यावर पहिल्याच सुट्टीला आम्ही शोकसभा ठेवली. आप्पांनी मोडीत काढलेलं सगळं त्या दिवशी व्यवस्थित हजर होतं. फोटो, हार, अगरबत्ती आणि चार वक्ते. पहिला वक्ता ‘कलेची पोकळी’ या शब्दांपर्यंत पोहोचला, तेवढ्यात पुढे बसलेल्या वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, उठून उभ्या राहिल्या.

“आज बोलणार कोण शे? इषय काय शे?” त्यांनी विचारलं.

वक्ता गडबडला.

“मंग मी बोलस,” वहिनी म्हणाल्या. “गाणास्मधला सगळा कपडा मन्हा हातना शेतस.”

गाण्यांतले सगळे कपडे त्यांनीच शिवलेले, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या घरी चहाला गेलं की मशीनचा आवाज यायचा. पण इतक्या पुस्तिकांमध्ये कपड्यांवर एक ओळ नव्हती, आणि ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. वहिनी पुढे उभं राहून बोलल्या. स्वस्त जरीची किनार कॅमेऱ्यात काळी दिसते, म्हणून ती उलटी कशी लावायची. नाचणाऱ्या पोरीच्या घागऱ्याला घेर कमी पडला, तर आतून ताक्याचा तुकडा कसा जोडायचा. एकाच लुगड्यातून नवरी आणि तिची सासू कशी उभी करायची. सासूचं सांगताना लोक पोट धरून हसले. वहिनींच्या मागे, फोटोपाशी, कोणी तरी ती अगरबत्ती विझवली.

बोलणं संपलं, आता प्रश्नांची वेळ. पहिला प्रश्न कायम आप्पांचा असायचा. जिन्याजवळच्या खुर्चीतून, हात वर न करता, थेट. तो येऊन गेला की मग बाकीच्यांना धीर यायचा. सगळ्यांच्या माना सवयीने त्या खुर्चीकडे वळल्या. वहिनींचीही.

“इचारा ना कोनी तरी,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी माले कधी इचारंच नही.”

मला आप्पांचा राग आला. आणि तो राग काढायला ते समोर नाहीत, याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.