हरेश्वरला आकडा दिसायचा

कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, वीस वर्षं काढलेल्या हरेश्वरला आकडे दिसायचे. गिरणीत असताना नव्हे, संपानंतर. ब्याऐंशीच्या जानेवारीत साचे थांबले आणि लालबागच्या त्याच्या चाळीतले निम्मे पुरुष दिवसभर कठड्याला टेकून उभे राहू लागले. अशातच हरेश्वरला स्वप्नात सात पायऱ्यांची विहीर दिसली. मटक्यावर त्यानं सात लावला, आणि सातच आला.

झालं! दुसऱ्या दिवशी जिन्यात ही गर्दी. "हरेश्वरभाऊ, आज काय दिसलं?" ज्याला गिरणी बोलवत नव्हती, त्याला आता अख्खी चाळ हाका मारत होती. नव्या नटाला पहिल्या टाळीची चटक लागावी, तशी त्याला त्या हाकेची चटक लागली. मग पाच वर्षं त्याला मोटारीच्या पाटीवर, कॅलेंडरात, बायकोच्या बांगड्यांतसुद्धा आकडेच दिसत राहिले. बायको, बकुळा, मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडून घर चालवायची.

सत्त्याऐंशी साली मुलीची, गुणवंतीची, दहावीची परीक्षा आली. गणिताच्या पेपराच्या सकाळी तिच्या हॉल तिकिटावरचा नंबर बघून बापाचे डोळे लकाकले. "आलोच," म्हणून तिकीट घेऊन तो आकडा लावायला गेला आणि चार जणांना ते दाखवत तिथंच रमला. पोर शाळेच्या फाटकात रडत उभी. पेपराला अर्धा तास उशिरा बसली. त्यानंतर ती बापाशी बोलायचीच थांबली.

बकुळेनं पुढच्याच सोमवारी खाडा करून त्याला परळच्या इस्पितळात नेलं, मनाच्या आजारांचे डॉक्टर बसतात तिथं.

"मी काय खुळो आसंय?" तो व्हरांड्यात कुरकुरला.

"खुळे असता तर परवडलं असतं!"

आत नलूताई नावाच्या मानसोपचाराच्या बाई होत्या. उपदेश नाही, औषधाची बाटली नाही. म्हणाल्या, "तुम्हाला आकडा कसा दिसतो, ते सांगा." हरेश्वर खुलला, हातवारे करून तासभर बोलला. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग पडताळून बघू. महिनाभर पैसे लावायचे नाहीत. रोज दिसलेला आकडा आधी लिहायचा, आलेला नंतर. आणि बकुळाबाई, तुम्ही शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि डोळे मिटून रोज एक काढा. तोही लिहा."

गुणवंतीच्या जुन्या वहीची कोरी पानं या कामी आली. महिन्यानं तिनंच ती वही ओढून घेतली, बोटानं ओळी मोजल्या आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बाबा, तुमचे दोन आले. आईच्या डब्याचे चार."

"माका तर कधी काय दिसलाच नाय!" बकुळा हसून लोळायची बाकी राहिली.

हरेश्वर पडेल चेहऱ्यानं नलूताईंकडे गेला. "बाई, पाचदा थोडक्यात हुकलं. सहा दिसला, पाच आला."

"साच्यावर धोटा थोडक्यात हुकला, तर कापड विणलं जातं?"

त्यानं मांडीवरची वही मिटली. "नाही. हुकला तो हुकला."

मग बाईंनी त्याला पुढचं शिकवलं. आकडा लावायची ओढ आली की तिच्याशी झटायचं नाही. हाताला काम द्यायचं आणि ती ओसरेपर्यंत बघत बसायचं. कोणी आकडा मागितला तर काय बोलायचं, याची घरी तालीम करायची. बकुळा शेजारीण होऊन गयावया करी, हा नाही म्हणे, आणि गुणवंती सांगे, "आवाज पडला बाबा, पुन्हा!"

खरा प्रवेश आला तो पावसाळ्यानंतर. शेजारची शांता चोळ्या शिवून पोट भरायची. एका दुपारी भर गॅलरीत तिनं त्याचा हात धरला. "भाऊ, मशीन गहाण टाकते, एकदाच लावते. एक आकडा दे!" आणि नेमका त्याच दिवशी सकाळपासून त्याच्या डोक्यात तीन घोळत होता. दहा-बारा डोकी वळून बघत होती. पुन्हा कुणीतरी असल्याचा तो जुना मान हाताच्या अंतरावर उभा होता.

"शांते, मला आकडा दिसत नाही," हरेश्वर म्हणाला. "कधी दिसतच नव्हता."

"हरेश्वरची बत्ती गुल!" कुणीतरी ओरडलं. गॅलरी खदखदली. शांता पाय आपटत घरात गेली.

संध्याकाळी आकडा फुटला. तीन!

तो ताडकन उठला, पाय चपलांकडे वळले. बकुळेनं दुकानातून घरी आणलेली मिरच्यांची पाटी त्याच्यासमोर सरकवली. तो बसला. खुडत राहिला. डोळे चुरचुरले. अर्धी पाटी संपली तेव्हा कपाळावरचा घाम सुकला होता.

"बकुळे," तो म्हणाला, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला."

"तर काय! आता हात धुवा, डोळ्यांना लावू नका."

तरी ती गोष्ट पोटात ठेवली तर तिथंच फोफावेल, हे त्याला कळलं होतं. सकाळी त्यानं शांतेचं दार ठोठावलं आणि सांगून टाकलं. "काल माझ्या मनात तीनच होता."

शांतेनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेल्या, दळभद्र्या, तुझ्या जिभेला काय झालं होतं! त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. दम लागल्यावर ती थांबली आणि एकदम काकुळतीला आली. "मग आजचा सांग!"

हरेश्वरला हसूही आलं आणि तिची कीवही. हा तर त्याचाच आवाज होता. "चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आज सोमवार आहे, नलूताई बसतात."

शिव्या देत देत ती निघाली. इस्पितळाच्या बाकावर बसल्यावर तिनं केसपेपर उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, अठ्ठेचाळीस! चार नि आठ..."

"शांते, अठ्ठेचाळिसावी हाक आली की आत जायचं. बस, एवढंच."

ती ओठ घट्ट मिटून बसली. या बाकावर बकुळा दर सोमवारी दिवसाची मजुरी बुडवून त्याच्याशेजारी अशीच बसायची, पदरात चार शेंगदाणे बांधून, आणि एकदाही उपकाराची भाषा न बोलता. हे हरेश्वरला आठवलं. आतून सत्तेचाळिसावी हाक आली. तो उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि शांतेला आणून दिलं.