कापसाच्या बंडीवरचा हिवाळा

आम्ही बौद्ध झालो त्यानंतरच्या हिवाळ्यात मी आणि माझी जाऊ अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाऊ लागलो. वलगावहून पायी. कापसाचा हंगाम नेमका थंडीतच भरात येतो, आणि जिनाचा भोंगा कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे पहाटे अंधारातच घर सोडावं लागे. रस्त्यावर दव पडलेलं असे आणि अनवाणी पाय पोटरीपर्यंत बधिर होत. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकताना दिवसभर नाकातोंडात तूस जाई. जावेला खोकला तिथलाच लागला. सकाळचा गार वारा छातीत शिरला की ती रस्त्याच्या कडेला बसून घेई, आणि मी तिची पाठ चोळत उभी राहत असे.

त्याच वेळी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजाराकडे जात. आपण त्यातल्या एखादीवर का बसू नये, असं मी जावेला म्हणाले.

"तो काहून बसवीन आपल्याले?" ती म्हणाली.

मी बंडीवाल्यांना विचारत राहिले. कोणी बैल हाकून पुढे गेले, कोणी बघितलंही नाही. शेवटी आमच्याच गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बंडी थांबवली. त्याची बायको वारली होती, शेतीचं सगळं तो एकटाच बघायचा. कापूस तुडवू नका, एवढंच त्यानं सांगितलं. आम्ही कापसात पाय खुपसून बसलो. इतकी ऊब मला घरात चुलीपुढेही कधी मिळाली नव्हती. त्याची बंडी ज्या दिवशी निघे, त्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या बाभळीपाशी थांबत असू. वाटेत जाऊ त्याला आपल्या लहान मुलीचं कौतुक सांगे आणि तो बैलांच्या खोड्या सांगे. तिचा खोकला कमी झाला होता, निदान मला तसं वाटत होतं.

पौषात एकदा त्यानं बंडी थांबवली, पण खाली उतरून उभा राहिला. बराच वेळ कासरा हातात फिरवत होता.

"माय, उद्यापासून नका थांबू. भाऊबंद बोलून राहिले, कापूस बाटते म्हणून. मले गावात राहा लागते."

मला फार राग आला होता. जाऊ मात्र शांतपणे म्हणाली, "तुमी बसवलं तेवढं लय झालं बाबा. आमाले पाय हायेत."

त्या दिवशीसुद्धा ती बंडीवर चढली नाही. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं.

पुढे थंडी वाढली. जावेला ताप भरला, तरी ती येत राहिली. एका सकाळी तिला उठवेना. माझा भासरा, म्हणजे तिचा नवरा, बंडी मागायला गावात फिरला, आणि थोड्या वेळानं तो म्हाताराच बंडी घेऊन आमच्या वस्तीत आला. दिवस चांगला वर आला होता, सगळं गाव बघत होतं. बंडीत त्यानं कापूस पसरला होता. भासऱ्यानं तिला उचलून त्यावर ठेवलं.

रस्त्यात तिनं डोळे उघडले. "ऊन पडलं ना वो," ती मला म्हणाली. "भोंगा होऊन गेला असन."

आज सुट्टी आहे, असं मी सांगितलं. दवाखान्यात ती दोन रात्रीही जगली नाही.

पुढच्या हंगामात आम्ही चार-पाच बायांनी जिनाजवळ एक खोली घेतली. कामाचे दिवस तिथंच राहायचं, सुट्टीला घरी यायचं. सकाळी चालणं नाही, थंडी नाही. ही युक्ती आधी कोणालाच कशी सुचली नाही, असं बाया म्हणत. जावेची मुलगी आमच्या सासूजवळ राहू लागली होती. मी घरी गेले की ती माझ्या लुगड्याचा वास घेई. तिच्या आईच्या लुगड्यालाही तसाच कापसाचा वास यायचा.