डावीकडचा स्पीकर

रत्नागिरीतून निघतानाच ठरवलं होतं, गाडीचा डावा स्पीकर दुरुस्त झाल्याशिवाय परतायचं नाही. तीस वर्षं मी गाणं शिकवते. सूर जरा हलला तरी मला कळतो. आणि गावातले दोन दुकानदार मलाच सांगतात, स्पीकर ठीक आहे! म्हटलं, ज्यांनी बसवले त्या कोल्हापूरच्या बाबासोंनाच गाठायचं.

आंबा घाटात धुकं होतं. मलकापूरला मिसळ खाल्ली. हौसेनं जास्तीचा कट (झणझणीत रस्सा) मागितला आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं. गाडी मीच चालवत होते. राजारामपुरीत गल्ली चुकली. "डावीकडे वळ म्हणून दोनदा सांगितलं," शेजारी बसलेला माझा नवरा, सुधाकर, वैतागला. तो हल्ली पुटपुटतो. त्यावरून आमचे रोज खटके उडतात.

बाबासोंनी दाराचं पॅनेल काढून स्पीकरच्या टोकांना टॉर्चचा सेल टेकवला. टक् असा आवाज झाला आणि आतला पडदा हलला.

"जित्ता हाय की ह्यो!"

"पण आवाज दबका येतो."

त्यांनी गाडीतल्या सेटवर तानपुरा लावला. आधी फक्त उजवीकडे, मग फक्त डावीकडे.

"मला तर दोन्ही सारखंच. पावणं, तुमास्नी?"

सुधाकरनं मान डोलावली. मी हटले नाही. "नवा बसवा."

"नवा बसवून काय बी हुणार न्हाय. ताई, सीटवर उलटं बसा. मागं तोंड करून."

पन्नाशी उलटलेली मी, भर रस्त्यात सीटवर गुडघे टेकून मागं तोंड करून बसले. तानपुरा पुन्हा वाजला. आता डावा स्पीकर खणखणीत होता आणि उजवा दबका.

बाबासोंनी सेट बंद केला. "स्पीकर दोन्ही बी झ्याक हायती. डावा कान डाक्टरला दावा."

मला आधी राग आला, मग भीती वाटली. याच कानांच्या भरवशावर मी मुलींचे सूर सुधारत आले होते. बाबासोंनी चहा मागवला.

परतताना किल्ली सुधाकरला दिली आणि त्याच्या डावीकडे बसले. माझा उजवा कान आता त्याच्या बाजूला होता.

"उद्याच कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. शब्दन् शब्द ऐकू आला.

वर्षभर पुटपुटतो म्हणून मी त्याला किती बोलले होते!

"उद्याच जाऊ," मी म्हणाले. "आणि वर्षभरात काय काय सांगितलंस, ते आता पुन्हा सांग."