वहीत न लिहिलेली दोन बोटं

कानडी मुलखातल्या शिवरामपेठेत शिंप्याचं एक दुकान होतं; तिथं शिवणयंत्रं सहा होती, माणसं सात होती आणि मोठी कात्री एकच होती. तिला हात लावायची मुभा फक्त शेषगिरी मास्तरांना. बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक! मास्तर दुपारी जेवायला घरी जात तेव्हा कात्री फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला लटकवून सोबत नेत. दुकानामागे चार मिनिटं जाऊन यायचं असलं तरी ती ड्रॉवरमध्ये बंद आणि किल्ली कनवटीला. लोक हसत. हसू देत बापडे. मास्तरांना भीती वाटायची, आणि ज्याला भीती वाटते त्याला लोकांच्या हसण्याचं काय!

भीती कसली, तर आपली पाठ वळली की दुकान हातचं जाईल याची. तिला कारणही होतं. मास्तरांचे वडील आजारी पडले तेव्हा त्यांनी कात्री आपल्या कारागिराच्या हाती दिली होती. दीड वर्षात तो कारागीर निम्मी गिऱ्हाइकं घेऊन समोरच्याच गल्लीत स्वतःचं दुकान थाटून बसला. वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. मास्तर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि त्या दिवसापासून पुढची एकतीस वर्षं त्यांनी एक अख्खा दिवस कधी दुकान सोडलं नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न बन्नूरला होतं. हे महाशय मंगलाष्टकं संपल्यावर पोचले आणि पंगत बसायच्या आत परतीच्या बसमध्ये चढले. बहिणीनं तीन वर्षं तोंड फिरवलं, तर म्हणतात कसे, "एन् माडोदु? काय करणार? कटिंग होतं ना!" काय म्हणावं या माणसाला!

अठ्ठ्याण्णव साली उजव्या डोळ्यानं हा सगळा डाव उधळला. डावा आधीच अधू, आणि आता उजव्यासमोर धूर दाटायला लागला. खडूची रेघ दिसेना. मास्तर बोटांनी चाचपून कापत आणि कुणाला सांगत नसत. शेवटी बायकोनं, कमलाक्षीबाईंनी, हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पार पिकलाय, दसऱ्यापर्यंत थांबलात तर डोळाच जाईल. ऑपरेशनला पुढच्याच महिन्यातली तारीख दिली. वर सांगितलं की त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, कात्री धरायची नाही.

डोळ्यात सुई जाणार, याचं मास्तरांना काही वाटलं नाही. महिनाभर! तो एक शब्द मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना.

त्यात फत्तेसिंगरावांचं काम आलेलं. फत्तेसिंगरावांचा लग्नाच्या वरातींचा बँड होता, चोवीस माणसांचा. दसऱ्याच्या आत चोवीस लाल कोट हवे होते. कापड त्यांनी स्वतः आणून टाकलं होतं, एकाच ठाणातलं, आणि बजावलं होतं, "मास्तर, हा रंग परत मिळायचा नाही हं." मापं घेऊन झाली होती. कापायचं तेवढं राहिलं होतं.

अशा वेळी नागरत्ना आली. नागरत्ना म्हणजे त्याच बन्नूरच्या बहिणीची मुलगी, हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात कामाची आखणी बघणारी. मुलगी मोठी चुणचुणीत, आणि मामावर जीव. ती म्हणाली, "मामा, असं घाबरून कसं चालेल? सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते कागदावर काढू. आमचे साहेब महिनाभर रजेवर गेले होते. कुणाला कळलंसुद्धा नाही!"

पोरीनं धीर द्यायला सांगितलं हो. पण मास्तर ते ऐकून गारच पडले. महिनाभर माणूस नाही आणि कुणाला कळलंसुद्धा नाही? मग तो माणूस आहे कशाला? तिला वाटलं मामा विचार करताहेत. मामा त्या साहेबांच्या जागी स्वतःला बघत होते.

तीन रविवार ती दुकानात येऊन बसली. जाड पुठ्ठ्याची वही आणली. एकेका गिऱ्हाइकाला एकेक पान, त्यावर मापं, खाली मास्तरांची सही. कोटाच्या प्रत्येक तुकड्याचे पुठ्ठ्याचे साचे कापून खिळ्याला टांगले. काजं कुणी करायची, इस्त्री कुणी, गिऱ्हाइकाशी कुणी बोलायचं, हे पाटीवर लिहिलं. आणि कटिंग अनंतकृष्णनं करायचं, असं ठरवलं. अनंतकृष्ण बावीस वर्षं दुकानात होता, गिऱ्हाइकाच्या कापडाला त्यानं आजवर कात्री लावलेली नव्हती. त्यानं मान खाली घालून "बरं" म्हटलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना समोरच्या गल्लीतलं ते जुनं दुकान आठवलं.

तिसऱ्या रविवारी फत्तेसिंगरावांच्या चोवीस पानांवर सह्या झाल्या. नागरत्नानं विचारलं, "मामा, आणखी काही सांगायचं राहिलंय?"

आता हे नीट ऐका. बँडच्या कोटाचं एक गुपित असतं. माप घेताना माणूस गप्प उभा असतो, पण क्लॅरिनेट नाहीतर ट्रंपेट फुंकणारा वाजवायला श्वास भरतो तेव्हा छाती दोन बोटं फुगते. ती दोन बोटं कोटात आधीच सोडावी लागतात. ढोलवाल्याला छातीत काही नको, त्याला बगलेशी सैल हवं, नाहीतर हात उचलत नाही. नंतर उसवून सैल करू म्हणाल तर तेही नाही, कारण शिवणीवरून सोनेरी लेस जाते, आणि ती एकदा उसवली की कोटाची कळाच जाते. मास्तर टेप लावता लावता प्रत्येकाला विचारत, "काय वाजवता? गावचे कुठले?" सगळ्यांना वाटे, मास्तर गप्पिष्ट आहेत. मास्तर मनात नोंद करत असत. वहीत मात्र नुसतं माप. कोण फुंकतो आणि कोण बडवतो, याचं एक अक्षर नाही.

मास्तरांच्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण मनात दुसरंच काही उठलं: हे दिलं की संपलं. राहू दे. कोट जरा आवळू देत. फत्तेसिंगराव ओरडतील, "शेषगिरी मास्तर नाहीत तर हे दुकान काही कामाचं नाही!" मग कळेल सगळ्यांना.

"एवढंच," मास्तर म्हणाले.

आणि कात्रीच्या ड्रॉवरची किल्ली त्यांनी अनंतकृष्णच्या हातावर ठेवली.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आली. दुसऱ्या डोळ्यानं माणसाचा आकार तेवढा कळायचा. मास्तर घरी खाटेवर उताणे पडून कान टवकारून राहिले. फाटक वाजलं की विचारत, "दुकानातून कुणी आलं का?"

"दूधवाला आहे."

दुसरा दिवस. "अनंतकृष्ण काही विचारायला आला का?"

"नाही हो. सुम्मने, गुमान पडून राहा की जरा!"

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. कुणी आलं नाही. एखादी शंका नाही, निरोप नाही, काही नाही. मास्तरांना जेवण जाईना. दुकान बंद पडलं असेल, अशी भीती वाटे. आणि बंद पडलं नसेल, याची तर त्याहून जास्त. दोन्हीकडून मरण. उशी ओली झाली तेव्हा कमलाक्षीबाई घाबरल्या. डोळ्याला पाणी चालत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दुकानातला एक कारागीर औषधं पोचवायला आला आणि जाता जाता म्हणाला, "आज बँडच्या कोटांचं कटिंग आहे. रेघा मारून झाल्यात."

मास्तर उठून बसले. आज! इतके दिवस त्यांनी मनात फत्तेसिंगरावांचं ओरडणंच ऐकलं होतं. ते कुणावर ओरडतील, हे पाहिलंच नव्हतं. ओरडा खाणार अनंतकृष्ण. बावीस वर्षांनी हातात कात्री मिळाली आणि पहिल्याच दिवशी चोवीस कोटांचं कापड त्याच्या हातून वाया जाणार. पुन्हा न मिळणारं कापड. गाव म्हणणार, अनंतकृष्णला कापता येत नाही. त्याला पुन्हा कुणी कात्री देणार नाही, तो स्वतःसुद्धा धरणार नाही. आणि वहीच्या प्रत्येक पानावर सही कुणाची?

"अगं, रिक्षा बोलाव."

"वेड लागलंय का? डॉक्टरांनी..."

"बोलाव म्हणतो ना! मी वाईट वागलोय गं. फार वाईट वागलोय."

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या चप्पल घालून तशाच रस्त्यावर धावल्या.

रिक्षात मास्तर दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यात कळ जात होती. डोळ्याचे टाके तुटतील, ही भीती. त्याहून मोठी, पहिला काप पडला असेल ही. ते विठ्ठलाचं नाव घेत होते, आणि नाव घ्यायची लाज वाटत होती.

दुकानात सगळी यंत्रं थांबलेली. मास्तरांना उंबऱ्यावरच ते कळलं.

"कापलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही." अनंतकृष्णचा आवाज टेबलापाशी होता. "तासभर नुसता उभा आहे, मास्तर."

कमलाक्षीबाईंनी हाताला धरून त्यांना टेबलाशी नेलं. लाल रंगाचा एक मोठा चौकोन तेवढा त्यांना दिसला. अनंतकृष्णनं त्यांचं बोट धरून कापडावर ठेवलं.

"ही रेघ वहीप्रमाणे." मग बोट दोन बोटं बाहेर सरकवलं. "ही दुसरी, मी मारलेली. हा महादेवरावांचा कोट; माप देताना ते क्लॅरिनेट म्हणाले होते, ते माझ्या कानावर आलं. बावीस वर्षं मी तुमचं कटिंग बघतोय. फुंकणाऱ्याला तुम्ही सैल सोडता, मला ठाऊक आहे. पण वहीत ते नाही आणि खाली तुमची सही आहे. मला वाटलं, या वेळी तुमचाच काही वेगळा विचार असेल. वही सोडून कापलं आणि चुकलं तर मी गेलो. वहीप्रमाणे कापलं तर... मला भीती वाटली. घरी येऊन विचारायचीही भीती वाटली. तुम्हाला वाटलं असतं, याला कात्री देऊन चूक केली. आता सांगा, खरी रेघ कुठली?"

दुकानात सहा माणसं होती. समोरचं सगळं धूसर, पण सहाही माणसं आपल्याकडे बघताहेत, हे मास्तरांना कळत होतं. विसरलो, असं म्हणता आलं असतं. डोळ्याच्या गडबडीत राहून गेलं, हे कुणीही मानलं असतं.

"बाहेरची," ते म्हणाले. "मी विसरलो नव्हतो. मुद्दाम लिहिलं नाही. तुमचं माझ्यावाचून अडावं म्हणून."

मास्तरांना वाटलं, आता अनंतकृष्ण कात्री टेबलावर ठेवून निघून जाईल, आणि जावंच त्यानं. पण वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बसा मास्तर," अनंतकृष्ण म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "एकेक नाव वाचतो. सगळं सांगा."

मास्तरांनी सांगितलं. महादेवराव दोन बोटं सैल, शिवाय डावा खांदा अर्धं बोट खाली. ढोलवाला शिवाजीराव, बगल सोडायची. बँडची चोवीस पानं झाली तरी ते थांबेनात. इतर गिऱ्हाइकांचंही निघालं: कोण पोट आत ओढून माप देतं, कुणाला पाठीला पोक आहे पण बोलून दाखवायचं नाही, कोणत्या वकिलाला गळ्याशी घट्ट चालत नाही. एकतीस वर्षं साठवलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि अनंतकृष्ण लिहीत होता. दोन वेळा कमलाक्षीबाईंनी पट्टी सारून डोळ्यात औषध घातलं. दुपार झाली. मास्तरांनी आणखी काही आठवतंय का पाहिलं. काही नव्हतं.

मग अनंतकृष्ण टेबलाकडे वळला, पुटपुटत विठ्ठलाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. कापडात ती लांब, न अडखळता गेली. हा आवाज मास्तरांनी असा दुरून कधी ऐकलाच नव्हता. हात चांगला होता.

निघताना अनंतकृष्ण रिक्षापर्यंत आला. त्यानं मास्तरांना नीट बसवलं, चाकात जाऊ नये म्हणून धोतराचा सोगा सावरून दिला. मघाचा कोरडेपणा आता त्याच्या आवाजात नव्हता.

"डोळा पुरता बरा होऊ दे, मास्तर. घाई करू नका. महिना, दोन महिने. नाही आलात तरी चालेल."

अगदी मायेनं म्हणाला तो. रिक्षा सुरू झाली आणि मास्तरांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"ऐकलंस? नाही आलो तरी चालेल म्हणाला."

"ऐकलं."

"आता मी काय करू गं?"

कमलाक्षीबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं.