चाकांवरची पिवळी साल

लग्न होऊन मी कोल्हारला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचे हे गुरांचे डॉक्टर. नगरच्या एका निवृत्त लष्करी साहेबांची जुनी विलायती मोटार त्यांनी विकत घेतली, तेव्हा ती बघायला निम्मं गाव आमच्या अंगणात लोटलं होतं. मोटार काळीभोर, देखणी होती. फक्त चाकं बघवत नव्हती. इतरांच्या गाड्यांना लोखंडी चाकं असायची, हिला ॲल्युमिनियमची होती; पण ती हळद सांडल्यासारखी पिवळी पडलेली आणि त्यावर वाळवी फिरावी तशा पांढऱ्या रेघा उमटलेल्या.

नवरात्राच्या सातव्या माळेला हे लसीकरणासाठी सरकारी जीपमधून बाहेरगावी गेले. परतणार होते खंडेनवमीला. दसऱ्याला मोटारीची पूजा व्हायची, म्हणून मी मनाशी ठरवलं, हे येईपर्यंत चाकं चांदीसारखी करायची! माझं माहेर शेवगावचं, वडिलांचं भांड्यांचं दुकान. चकाकी कशी आणायची ते मला कोण शिकवणार?

आधी चिंचेच्या कोळाने एक चाक घासलं. ढिम्म फरक पडला नाही. मग बादलीभर गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि त्यात भिजवलेला बोळा चाकावर दाबून धरला. थोड्या वेळाने काढून बघते तर पिवळा थर जागोजागी उचकटलेला आणि आतला धातू काजळीसारखा काळा!

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"आत्याबाई, माझ्या हातून बिघडलं."

त्या खाली बसल्या, काळ्या डागावरून बोट फिरवलं. "येवढंच? माझं पातेलं सोड्यानं असंच काळं हुतं. आंबट लावलं की जातंय. पन ही साल कशाची गं?"

त्यांनी नखाने एक पापुद्रा उचलला. कांद्याच्या पातीवरच्या सालीसारखा पातळ, आरपार दिसणारा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतका वेळ मी धातू घासतच नव्हते, त्याच्यावरची साल घासत होते!

रस्त्याच्या कडेला ट्रकवर नावं रंगवणारा एक पेंटर बसायचा. आठव्या माळेला सकाळीच त्याला बोलावलं. त्याने चाक बघितलं आणि हसला.

"वहिनी, ह्याच्यावर लॅकर हाय. काचंवानी रंग. ऊन खाऊन पिवळा पडलाय. तो समदा काढल्याबिगर काय बी उजळायचं न्हाई. थिनर देतो. पन ते लगेच पेट घेतंय, आधी ती अंगणातली चूल इझवा."

सासूबाईंनी लगेच चुलीवर पाणी ओतलं. सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता!

थिनरचा बोळा फिरवला की पिवळा थर विरघळून फडक्यावर उतरायचा. सोड्याच्या काळ्या डागांना लिंबू चोळून धुऊन टाकलं. मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून पांढऱ्या रेघा हलक्या हाताने घासल्या आणि शेवटी माहेरून आणलेलं पितळेचं पॉलिश लावलं. पहिल्यांदा रुपयाएवढी जागा उजळली. मी वाकून बघितलं, तर आत माझी नथ!

"आत्याबाई, या, या, बघा!"

त्या धावतच आल्या. त्यांनी आपलं तोंड बघितलं, पदर सारखा केला आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन पलीकडच्या चाकाशी फतकल मारून बसल्या. "तुज्या आदी माजं हुतंय का न्हाई बघ!"

त्या दिवशी आम्ही जेवलो ते दुपार कलल्यावर. हात काळे, दंड भरून आलेले, पण दोघींपैकी कुणी उठायला तयार नव्हतं.

खंडेनवमीला लॅकरचा नवा हात द्यायचा होता. तो न दिल्यास चार पावसांत पुन्हा रेघा पडतील, असं पेंटरने बजावलं होतं. धूळ उडू नये म्हणून आम्ही अंगणात सडा मारला. चाकं थिनरने पुसली. पेंटर मऊ ब्रशने पातळ हात देत होता आणि आम्ही श्वास रोखून उभ्या. रस्त्यावरून मनमाडची एस. टी. धुरळा उडवत आली, तशी सासूबाईंनी घरातली सतरंजी ओढून आणली. आम्ही दोघींनी ती भिंतीसारखी ताणून धरली.

"थांब रं मेल्या, हळू जा की!" त्या एस. टी.वर ओरडल्या.

संध्याकाळी हे आले. फाटकातच थबकले.

"चाकं नवी बसवली? कुठून आणली?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आमी दोगींनी केली. तुज्या बायकूला लई अक्कल हाय."

हे उकिडवे बसून एकेक चाक न्याहाळत राहिले. बोट लावायला गेले, तशी मी ओरडले, "अहो, ओलं आहे!" त्यांनी हात असा मागे घेतला की पेंटरसुद्धा हसला.

दसऱ्याला पूजा झाली, झेंडूचं तोरण लागलं. आजवर त्या मोटारीत बसायला साफ नकार देणाऱ्या सासूबाई सरळ पुढची सीट पटकावून बसल्या. मी मागे. प्रवरेच्या पुलाकडे निघालो तेव्हा त्यांनी लेकाला बजावलं, "पारावरून हळू घे. लोकांना चाकं दिसली पायजेत."

आणि काच खाली करून त्या स्वतःच ओणव्या होऊन चाकाकडे बघू लागल्या.