गाभाऱ्याचं दार

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ सोलापुरात बसून प्राचीन इजिप्तची देवळं बांधतात, कॉम्प्युटरवर! डोळ्यांवर व्हीआरचा डबा चढवला की आपण थेट देवळात. स्वतःच्या न्हाणीघराचं दार दोन वर्षं लागत नाही, पण तिकडच्या खांबावरची एक पाकळी चुकली तर यांची झोप उडते.

परवा मी तो डबा चढवून त्यांच्या देवळात फिरून आलो नि कुत्सितपणे म्हणालो, "गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कुणाला प्रवेश नव्हता ना? मग दार उघडं कसं?"

"माझ्या आज्याला गावातल्या देवळाची पायरीबी चढू दिली न्हाय," चष्मा पुसत ते म्हणाले. "ह्ये दार मी केलंय. उघडंच ठेवणार की."

एवढा काटेकोर माणूस, पण ही ढळढळीत चूक दुरुस्त करत नाही. मीही ती पुन्हा काढली नाही.