‘सॉरी’ लगेच निघतं

मंडळी, आत्ताच शाळेतून आले. मी तिसरीच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते. भांडण झालं की इंग्रजीत माफी मागायची, हा आमच्या वर्गाचा नियम.

आज वैष्णवीनं सानियाची वही फाडली आणि ‘सॉरी’ म्हणून मोकळी झाली.

सानिया म्हणाली, “बाई, इंग्लिशमधी कायबी म्हणता येतंय. मराठीत म्हणायला सांगा की हिला!”

वैष्णवीनं वहीची फाटकी पानं एकेक करून गोळा केली. मग “चुकलं माझं” म्हणाली आणि रडली. सानियानं सरकून तिला बाकावर जागा दिली.

माझे यजमान वारले, त्या सकाळी मी त्यांना टाकून बोलले होते. हे दोन शब्द राहूनच गेले. तीन वर्षं झाली, रडूही येत नाही.

तुम्ही शेवटचं ‘चुकलं माझं’ कुणाला म्हणालात?